काय चूक आहे ते तरी परत द्या

(टिपणं सांभाळणाऱ्या एका वेबसेवेच्या संस्थापकांना अनावृत पत्र)

माजी संस्थापक महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचा निरोपाचा ईमेल पावला. प्रवास, वळण, नवं पर्व, ऋणानुबंध असे सगळे शब्द त्यात ओळीनं मांडले होते. वर मधोमध फुगे सोडणाऱ्या माणसाचं चित्र होतं, त्यामुळे आधी वाटलं की तुम्हाला एखादा पुरस्कार मिळाला असावा. दुकान आजपासून बंद, ही बातमी चौथ्या परिच्छेदात निघाली. आणि निर्यातीची मुदत उलटली की माझी सगळी टिपणं कायमची पुसली जातील, ही त्याच्याही खाली, बारीक टायपात. वाचकाचा रसभंग होऊ नये म्हणून एवढी काळजी हल्ली कोण घेतं?

आपली प्रत्यक्ष ओळख नाही. तुमच्या कोष्टकात मी 'सशुल्क, आजीवन योजना' अशा रकान्यात असेन. त्या योजनेचं आयुष्य माझ्या चष्म्याच्या नंबराहूनही कमी भरलं, पण तो या पत्राचा विषय नाही. पैशांसाठी रडायला वेगळं पत्र लिहीन.

मी जुन्या विहिरी, बारवा, पुष्करणी यांच्याविषयी मिळेल ते वाचणारा माणूस. पोटापाण्याचा उद्योग निराळा, हा रात्रीचा नाद. या विषयावर पुस्तकं थोडी आणि वेबवर मजकूर रग्गड: गावांच्या माहितीची पानं, भटक्यांची प्रवासवर्णनं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, गॅझेटियरच्या स्कॅन केलेल्या प्रती. त्यातला बराचसा एकमेकांवरून उतरवलेला. असल्या वाचनात खरं काम समासात होतं. हे कुठून आलं, ते कुणी म्हटलं, ही तारीख त्या तारखेशी जुळत नाही. तुमचं बटण ब्राउझरच्या कोपऱ्यात बसायचं. वाक्य निवडलं की ते पिवळं व्हायचं, शेजारी माझी टीप राहायची, पुन्हा त्या पानावर गेलं की दोन्ही जागच्या जागी असायचं. शिवाय साठवलेल्या सगळ्या मजकुरात एका फटक्यात शोध घेता यायचा. खोटं कशाला बोलू, झकास होतं. म्हणून तर अडकलो.

आता साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर घ्या. वेबवरची कितीतरी पानं ती १६४१ ते १६४६ या वर्षांत बांधली असं बिनदिक्कत सांगतात. आकडे बरोबर आहेत, फक्त ते शकाचे आहेत. ७८ मिळवा, १७१९ ते १७२४ येतं. म्हणजे शिवाजी महाराज अकरा वर्षांचे असतानाचा काळ मागे पडतो आणि आपण थेट शाहू महाराजांच्या साताऱ्यात पोचतो, जिथे विहीर बांधवून घेणाऱ्या विरूबाई भोसल्यांचं नाव नीट बसतं. मधल्या काळात स्वराज्य उभं राहिलं, औरंगजेब दक्षिणेत येऊन इथेच मेला, आणि आमचे माहितीकार मात्र एका ओळीत ते सगळं उडी मारून पार करतात. अशी चूक दिसली की मी त्या आकड्यावर खूण करायचो आणि टीप लिहायचो. कुठे 'हे शके आहे', कुठे नुसतं 'हे चूक', आणि फार उशिरापर्यंत जागून वाचलेल्या पानांवर 'अहो!!' एवढंच.

या सगळ्याचं तुम्ही काय केलंत ते आता सांगतो, कारण तुम्ही स्वतः ती फाइल कधी उघडून पाहिली असेल असं वाटत नाही.

'तुमची माहिती घेऊन जा' असं एक उदार बटण तुम्ही दिलंत. ते दाबलं. झिप आली, तिच्यातून सीएसव्ही निघाली, ती एक्सेलमध्ये उघडली. माझ्या मराठीच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला रोमन ए, आणि त्याच्या पाठोपाठ चार बाजूंनी किरणं फुटलेलं एक वर्तुळ. चौकशी केली तेव्हा कळलं की ते वर्तुळ म्हणजे 'कुठलंही चलन' असं दाखवणारं चिन्ह. पानंच्या पानं तेच: ए आणि चलन, ए आणि चलन. एखाद्या कंपनीनं आपलं ध्येय इतक्या प्रामाणिकपणे लिहून दिलेलं मी प्रथमच पाहिलं. फाइलच्या तोंडाशी तीन बाइटांची युनिकोडची खूण टाकली असती तर एक्सेलला मजकूर कळला असता, हे तुमच्याकडच्या कुठल्याही शिकाऊ पोरानं सांगितलं असतं. पण फुग्यांचं चित्र काढायचं काम जास्त निकडीचं होतं, हे मी समजू शकतो.

तीच फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून मराठी परत मिळवली. मग रकाने पाहिले. पहिला पानाच्या पत्त्याचा. दुसरा तारखेचा, आणि त्यात १५६०००३६०० असा आकडा. हे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. हिशेब केला की ८ जून २०१९, संध्याकाळचे सात पन्नास निघतात. शके आणि इसवीची गल्लत झाली म्हणून लिहिलेल्या टिपेला तुम्ही युनिक्सचा तिसराच शक लावून परत केलंत. उद्या कुणी या विहिरीचा काळ दीडशे कोटी असा लावला तर माझ्याकडे बोट दाखवू नका.

तिसरा रकाना टिपांचा. चौथा नाहीच.

म्हणजे ज्या वाक्यावर खूण केली ते वाक्य, ते पानावर कुठे होतं, त्याच्या मागेपुढे काय होतं, यातलं काहीही तुम्ही दिलेलं नाही. त्यामुळे आज माझी वर्षानुवर्षांची विद्या अशी दिसते: 'हे चूक.' 'हे चूक.' 'कोण म्हणतं?' 'उलट आहे.' 'वरचं पाहा.' 'हेसुद्धा चूक.' 'अहो!!' 'तपासणे.' 'हेच ते!' काय चूक? कशाच्या उलट? कशाच्या वर? 'हेच ते!' या टिपेवर मी अख्खा रविवार घालवला. पान अजून उघडतं, लांबलचक आहे, वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवशी मला एवढा हर्ष कशाचा झाला होता, ते काही हाती लागलं नाही. फाइल माझ्या भाच्याला दाखवली. तो म्हणाला, मामा, ही कुणाच्या तरी लग्नानंतरची डायरी वाटते.

आणि हे पान निदान उघडलं तरी. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी, म्हणजे २०२३ मध्ये, उघडतच नव्हती. तुमच्या फाइलमधले पत्तेही त्याच वाटेवर आहेत. गावच्या माहितीचं पान चालवणारा मुलगा नोकरीला लागतो, डोमेनचं नूतनीकरण राहून जातं, तिथे रमीची जाहिरात येते. तेव्हा माझ्याकडे उरतो रमीचा पत्ता आणि त्यापुढे 'कोण म्हणतं?'

तुमच्या मदतकक्षाला लिहिलं. उत्तर तत्पर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. खुणेची जागा हा 'अंतर्गत तांत्रिक तपशील' असल्यामुळे निर्यातीत देता येत नाही, असं त्यात होतं. महोदय, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २३ फेब्रुवारी २०१७ रोजी वेबवरच्या टिपांसाठी खुला मापदंड जाहीर केला. त्यात टीप म्हणजे काय, हे अगदी साध्या रीतीनं मांडलेलं आहे: एक भाग तुम्ही लिहिलेला मजकूर, दुसरा भाग तो ज्याबद्दल आहे ती वस्तू. नुसता पानाचा पत्ता पुरत नाही, म्हणून निवडलेले शब्द जसेच्या तसे साठवायचे, आणि त्यांच्या अलीकडचे-पलीकडचे थोडे शब्दही. पुढे पान बदललं, वर दोन जाहिराती घुसल्या, परिच्छेद खाली सरकला, तरी त्या शेजारच्या शब्दांवरून जागा हुडकता येते. हायपोथेसिस नावाची सेवा याच धर्तीवर खुणा साठवते. म्हणजे तुम्ही ज्याला अंतर्गत तपशील म्हणता ते इतरत्र उघड्यावर लिहून ठेवलेलं होतं. तुमच्याकडेही ते असणारच. नसतं तर ते वाक्य इतकी वर्षं जागच्या जागी पिवळं कसं दिसलं असतं?

तुम्ही चालू होतात त्या काळातल्या तुमच्या शोधयंत्राचंही कौतुक राहून जायला नको. 'विहीर' असं शोधलं की 'विहीर' मिळायची. 'विहिरीत', 'विहिरींचे', 'विहिरीवरील' मिळायचं नाही, कारण विभक्ती लागली की आमची 'ही' ऱ्हस्व होते आणि ही बातमी तुमच्या कार्यालयापर्यंत कधी पोचली नाही. वास्तविक मराठीत लिहिताना विहीर बहुतेक वेळा विभक्तीतच असते. तिच्यात कुणीतरी उतरतं, तिच्यावर मोट चालते. नुसती कर्ता म्हणून विहीर फारशी काही करत नाही.

'पायऱ्या' या शब्दाची त्याहून मोठी गंमत. तो संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर त्यासाठी खाली टिंब असलेला वेगळा र येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द, आणि एकाला हाक मारली तर दुसरा ओ देत नाही. त्यामुळे तुमच्याकडे कुठलीही बारव मला नेहमी निम्म्या पायऱ्यांचीच मिळाली. जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या पीडीएफ तर विचारूच नका. डोळ्यांना शुद्ध मराठी, आत रोमन कचरा. तुमचं यंत्र तो कचरा मनोभावे अनुक्रमित करायचं आणि मला सांगायचं, काही सापडलं नाही, इंग्रजीत शोधून पाहा.

तुम्हालाच एकट्याला धारेवर धरणं अन्यायाचं होईल, घराणं मोठं आहे तुमचं. गूगलनं २००६ साली नोटबुक काढलं आणि २०१२ साली बंद केलं. १३ मार्च २०१३ ला गूगल रीडरला टाळं लावणार असं जाहीर झालं आणि बरोबर आठवड्यानं, २० मार्चला, त्याच कंपनीनं टिपणं ठेवण्यासाठी नवी सेवा आणली. नाव ठेवलं कीप. विनोदबुद्धी असावी तर अशी. वाचनखुणा सांभाळणारी डिलिशस २००३ साली निघाली, २००५ मध्ये याहूनं घेतली, मग या हातातून त्या हातात फिरत राहिली, आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड नावाच्या, एका माणसानं चालवलेल्या प्रतिस्पर्धी सेवेनं ती ३५ हजार डॉलरला विकत घेतली. एव्हरनोटनं २०२३ च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना पन्नास टिपांची मर्यादा घातली. ऑम्निव्होर २०२४ च्या अखेरीला काही आठवड्यांच्या सूचनेवर आवरली, मंडळी आवाजाची एआय बनवणाऱ्या कंपनीत गेली. आणि पॉकेट! २००७ पासून लोक त्यात 'नंतर वाचू' म्हणून लेख टाकत होते. ८ जुलै २०२५ ला ती बंद झाली, तेव्हा तो 'नंतर' एकदाचा निकालात निघाला. नोटांच्या या बाजारात टिकून राहणं हाच खरा अपवाद, हे मला माहीत असायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मग 'कायमची स्मृती' असं जाहिरातीत कुणी लिहिलं होतं?

या सगळ्या कुळाचा मूळपुरुष म्हणून व्हॅनिव्हर बुशचं नाव घेतात. १९४५ च्या जुलैत अटलांटिक मासिकात त्यानं मेमेक्स नावाच्या कल्पित यंत्राचं वर्णन केलं: वाचलेलं सगळं मायक्रोफिल्मवर साठवायचं, त्यावर समासात टिपा करायच्या, एका कागदापासून दुसऱ्यापर्यंत वाटा आखून ठेवायच्या. तुमच्या संकेतस्थळावर त्याचं चित्रही होतं. पण तो लेख तुमच्यापैकी कुणी पुरता वाचला होता का? मेमेक्स हे मेज होतं. वाचणाऱ्याच्या स्वतःच्या खोलीतलं. बुश उद्या मेला, त्याची विद्यापीठं बुडाली, तरी मेजाचा मालक आपली वाट पुन्हा धुंडाळू शकला असता.

इतकं लांब जायचीही गरज नाही. पुण्यात या, येरवड्याला. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं. वेदांपासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांमधून शब्द वेचले, त्यांच्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या झाल्या, आणि त्या अजून तिथे आहेत. चिठ्ठीवर शब्द असतो, तो ज्या संदर्भात आला तो मजकूर असतो, ग्रंथातलं ठिकाण असतं. लिहिणारा निवृत्त झाला, वारला, त्याचं अक्षर ओळखणारंही कुणी उरलं नाही, तरी चिठ्ठी हातात घेणाऱ्याला शब्द कुठून आला ते कळतं. त्या मंडळींनी नुसतं 'हेच ते!' लिहिलेल्या एक कोटी चिठ्ठ्या मागे ठेवल्या असत्या तर काय झालं असतं, याचा मी अलीकडे बराच विचार करतो. तुमची कृपा.

सध्या मी काय करतो ते विचाराल. साध्या टेक्स्टच्या फाइली, एका फोल्डरात, प्रत दुसऱ्या डिस्कवर. टीप लिहायच्या आधी ज्या वाक्याबद्दल ती आहे ते वाक्य उतरवतो, त्याखाली पत्ता, त्याखाली तारीख, इसवीत. पान मोलाचं वाटलं तर ते पूर्ण साठवून ठेवतो आणि त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनलाही घ्यायला सांगतो. ग्रंथांचे संदर्भ झोटेरोत. ते २००६ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यातला ऐवज माझ्याच संगणकावर राहतो. शोध घेताना ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही चालतील असा साचा देतो, आणि फाइलच्या शेवटी शोधशब्दांची एक ओळ ठेवतो: विहीर, विहिरी, दोन्ही तऱ्हांच्या पायऱ्या. दिसायला अगदीच दरिद्री प्रकार आहे. पिवळं काही होत नाही, कोपऱ्यात बटण नाही, आठवड्याच्या शेवटी 'तुम्ही इतके लेख साठवलेत, शाब्बास' असं कुणी कळवत नाही. ती शाबासकी मला आवडायची, हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणूनच तुम्ही ती पाठवायचात.

हे पत्र लिहीत असतानाच तुमचा दुसरा ईमेल आला. नवी कंपनी, नवं नाव, तेच फुगे. आता टिपा नुसत्या साठवायच्या नाहीत, त्यांच्याशी गप्पा मारायच्या. तुमचा एआय सहायक माझं वाचन माझ्याहून चांगलं लक्षात ठेवील. जुन्या ग्राहकांना पहिला महिना मोफत. माणूस आशेवर जगतो, मीही खातं उघडलं. तुमचीच ती सीएसव्ही तुमच्याच नव्या यंत्राला दिली आणि लिंबच्या विहिरीच्या पानापुढे 'हे चूक' असं मी लिहिलं आहे, तर नेमकं काय चूक आहे, असं विचारलं. त्यानं माझ्या चिकित्सक वृत्तीची स्तुती केली. मग मुद्देसूदपणे, ठळक टायपात, सांगितलं की ही विहीर इसवी सन १६४१ ते १६४६ या काळात बांधण्यात आली.

तरी पुसापुशीच्या तारखेआधी तो चौथा रकाना तेवढा पाठवून द्यावा. साधा टेक्स्ट चालेल, चित्र नको. खाली उत्तरासाठी माझा पत्ता देत नाही, तो तुमच्याकडे आहे आणि पुसायच्या यादीत तो नाही, हे तुमच्या गोपनीयता धोरणात वाचलं.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढू नये ही विनंती.

आपला,
रकाना क्रमांक तीन
(सशुल्क, आजीवन)